पिवळ्या दोऱ्याची किल्ली

“गावभरच्या म्हाताऱ्यांचे नळ दुरुस्त करत फिरतो, आणि माझ्या मोरीतला नळ सहा महिने टपटपतोय! ह्याला समाजसेवा म्हणतात होय? लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात ह्याला!”

सकाळपासून आईनं हे तिसऱ्यांदा म्हटलं. पहिल्यांदा नळालाच ऐकवलं, दुसऱ्यांदा खिडकीतून समोरच्या बेकरीवाल्याला, आणि आता मधलीला. मधली म्हणजे तिची लेक. औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभी असते, त्यामुळे कुठंही गेली की आधी खुर्ची शोधते.

“अगं, पेपरात फोटो आलाय धाकट्याचा,” बसता बसता मधली म्हणाली. “शिडीवर उभा आहे, हातात ब्रश. खाली लिहिलंय, घरं विकणारा एजंट रविवारी लोकांच्या घरांची डागडुजी करून देतो, फुकट.”

“फोटोतली भिंत कुणाची?”

“असेल कुठल्यातरी आजींची.”

“माझी नाही ना? मग मला कशाला दाखवतेस? पेपर इस्त्रीच्या टेबलावर अंथरायला बरा असतो, तेवढं मला ठाऊक.”

चाळीस वर्षं तिनं ह्याच खालच्या खोलीत इस्त्रीचं दुकान चालवलं. शाळा तिसरीत सुटली. अक्षरं आजही एकेक करून जुळवायची, गर्दीत ओळखीचा चेहरा शोधावा तशी. पण कापडाचा नुसता काठ चाचपून शर्ट कुणाचा ते ती सांगायची. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, गुडघ्यांनीही राजीनामा दिला आणि दुकान बंद झालं. टेबल मात्र राहिलं. वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि घरातला कुठलाही मोठा विषय निघाला की सगळे ह्या टेबलाभोवती जमायचे.

आजचा विषय घराचाच होता. घर विकायचं की नाही.

“दहा वाजून चौदा,” थोरला म्हणाला. थोरला बस डेपोत टाइमकीपर. जेवतानाही मनगटाकडं बघून घास घ्यायचा. “दहाला येतो म्हणाला होता. आई, तो येईपर्यंत तू कागद बघून घे. खालची जागा त्यांना दुकानाला हवीय, वर गोदाम करतील. तू दोन महिने माझ्याकडे राहायचं, दोन महिने हिच्याकडे.”

“वेळापत्रक केलंस की माझं! आणि गाडी मध्येच बंद पडली तर?”

“आई, थट्टा नको. जिना चढवत नाही तुला.”

“जिना मला चढवत नाही की तुम्हाला? सहा महिन्यांत किती वेळा चढलात ते सांग आधी.”

थोरल्यानं कागद पुढं सरकवला. “आणि ही कल्पना माझी नाही. धाकट्याचीच. गिऱ्हाईक त्यानं आणलंय. धंदाच आहे त्याचा.”

हे ऐकून तिला नवल वाटलं नाही. वाईट वाटलं, पण ते चेहऱ्यावर येऊ देण्याइतकी ती कच्ची नव्हती. धाकटा सहा महिन्यांपूर्वी एकदा आला होता, तोही पाच मिनिटं. मोरीत जाऊन पाणी प्यायला. खोलीभर नजर फिरवली. जिन्याखालच्या भिंतीवरून हात फिरवला आणि गेला. तेव्हाच तिनं ओळखलं होतं, पोरगं आईला भेटायला आलेलं नाही, जागा बघायला आलंय.

“दलालाला आईचं घरही चौरस फुटांत दिसतं,” ती म्हणाली. “येऊ दे त्याला. सही हवी ना? त्याच्या तोंडावर करीन. म्हणजे आरशात बघताना लक्षात राहील.”

तेवढ्यात बेल वाजली.

“आला!” म्हणत ती टेबलाला धरून उठू लागली. उठते न उठते तोच कुलपात बाहेरून किल्ली फिरली.

तिघंही जागच्या जागी थिजली. त्या दाराच्या किल्ल्या तीनच. एक तिच्या कमरेला, एक थोरल्याच्या खिशात, तिसरी धाकट्याकडे. आणि दार उघडलं ते एका अनोळखी बाईनं. पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, छातीशी धरलेला कागदांचा गठ्ठा. तिच्या मागून खांद्यावर शिडी घेतलेला एक उंच म्हातारा, आणि त्याच्या मागून दोन बाया, हातात रंगाच्या बादल्या.

“आजी!” ती बाई एकेक अक्षर सुटं करून ओरडली. “घाबरू नका हं! आम्ही आलोय!”

“मी घाबरलेली दिसते? आणि बहिरीही नाही मी. कोण तुम्ही? माझ्या दाराची किल्ली तुमच्या हातात कशी?”

“मला सगळे सिस्टर म्हणतात. तीस वर्षं हॉस्पिटलात होते, आता रिटायर. हे पोस्टमनकाका. आम्ही रविवारी फिरतो, ज्यांचं कोणी नाही अशांच्या घरी. कधी कधी माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, म्हणून बेल वाजवून किल्लीनं उघडतो. तुम्ही बसा. काही करू नका, आम्ही करतो सगळं.”

पोस्टमनकाकांनी एव्हाना जिन्याखालची भिंत शोधूनही काढली होती. त्यांनी टेबलावरचा पेपर उचलून खाली पसरला, त्यावर बादली ठेवली, आणि धाकट्याचा फोटो बरोबर बादलीखाली गेला.

सिस्टरनी थोरल्याकडं आणि मधलीकडं बघून मान हलवली. “तुम्ही शेजारचे का? बरं झालं आलात. टेबल जरा पलीकडे घेऊ या.”

थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“शेजारचे? मी मुलगा आहे तिचा! थोरला! ही मुलगी! तुम्ही घर चुकलात, बाई!”

“घर कसं चुकेल?” सिस्टर गोंधळल्या. त्यांनी गठ्ठ्यातला कागद काढला. “समोर बेकरी. खाली बंद पडलेलं इस्त्रीचं दुकान. दाराला हिरवा रंग. बरोबर आहे ना?”

“वाचा,” आई म्हणाली.

“अं?”

“काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. मला वेळ लागतो.”

सिस्टरनी एकदा तिघांकडं पाहिलं आणि वाचायला घेतलं. “वय त्र्याहत्तर. एकटी राहते. मोरीतला नळ गळतो. जिन्याखालच्या भिंतीला ओल. गुडघे दुखतात पण सांगणार नाही. स्वभाव कडक. मदत हवी का असं विचारू नये, विचारल्यास हाकलून देईल. सरळ कामाला लागावं.”

मागच्या दोघींपैकी एकीला हसू फुटलं. तिनं ते बादलीत वाकून लपवलं.

“पुढं?”

“पुढं…” सिस्टरचा आवाज खाली आला. “भेटायला येणारी माणसं. कोणी नाही.”

मोरीतला नळ ठिबकला. एवढ्या लांबून कधी ऐकू येत नसे, आज आला.

आईचे हात टेबलावर होते. चाळीस वर्षं निखाऱ्याच्या नि विजेच्या इस्त्रीनं भाजून घेतलेले हात. तिनं ते पदराखाली घेतले.

“कोणी नाही?” थोरला उसळला. “ही काय पद्धत झाली? कुणी लिहिलं हे? मी दर…”

“दर काय?” आईनं विचारलं. “सांग की. टाइमकीपर ना तू?”

थोरल्यानं सवयीनं मनगटाकडं पाहिलं.

“मी फोन तर करते, आई,” मधली हळूच म्हणाली.

“करतेस हो. बसमधून. आणि तुझा स्टॉप आला की माझी तब्येत बरी होते.”

मधलीनं डोळ्याला पदर लावला. थोरल्यानं मात्र माघार घेतली नाही. “सिस्टर, कुणी लिहिलं ते सांगा. तक्रार करतो मी!”

“आमच्या एजंटसाहेबांनी,” सिस्टर म्हणाल्या. “अक्षर त्यांचंच आहे. किल्लीवाला म्हणतात ना सगळे, तेच.”

थोरला मटकन खाली बसला. मधली “आमच्या धाकट्यानं?” असं इतक्या मोठ्यानं म्हणाली की समोरचा बेकरीवाला दारात आला. आईचं लक्ष मात्र कागदावर नव्हतंच आता. ती सिस्टरच्या हातातल्या किल्लीकडं बघत होती.

“ती इकडं द्या.”

किल्लीच्या भोकातून एक दोरा ओवला होता. पिवळा. दोन फेरे आणि टोकाला आडवी गाठ. अशी गाठ ह्या गावात एकच बाई मारत असे.

दुकानात तिच्याकडे दोऱ्यांचा पत्र्याचा डबा असायचा. पटकन वाचता येत नसल्यानं चिठ्ठ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून रंग. घाईच्या कपड्यांना लाल. खळ घालायच्या कपड्यांना हिरवा. आणि जे गाठोडं घ्यायला कुणी आलंच नाही, त्याला पिवळा. बाकीचे दुकानदार असे कपडे वर्षभरानं विकून टाकायचे. तिनं कधी विकले नाहीत. वर्षातून एकदा गाठोडं सोडायची, कपड्यांना हवा द्यायची, पुन्हा इस्त्री फिरवून दोरा बांधायची. कधी कधी तीन-चार वर्षांनी माणूस उगवायचा. बाजूला उभा राहायचा, घसा खाकरायचा. मी आजारी होतो, मी परगावी होतो. जगाला टोचून बोलणारी ही बाई अशा वेळी मात्र तोंडातून शब्द काढत नसे. गाठोडं पुढं ठेवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायची.

ती गाठ तिनं धाकट्याला ह्याच टेबलाशी शिकवली होती.

“त्याच्या ऑफिसात भिंतभर किल्ल्या आहेत,” सिस्टर सांगत होत्या. आता त्या ओरडत नव्हत्या. “लाल दोरा, विकायचं घर. हिरवा, भाड्याचं. पिवळा, हात लावायचा नाही. आत एकटं माणूस आहे, ते हयात असेपर्यंत ते घर गिऱ्हाइकाला दाखवायचंसुद्धा नाही. दीड वर्षापूर्वी एका आजोबांकडे गेला होता, घर विका म्हणून गळ घालायला. त्यांचं दार नीट लागत नव्हतं. ते लावून देता देता तीन तास गेले, आणि घराचं विचारायचंच राहिलं. तिथून हे सुरू झालं.”

“आणि यादी तोच करतो?” मधलीनं विचारलं.

“एरवी तोच. ह्या वेळी म्हणाला, सिस्टर, रविवारी मला घरी जायचंय, तुम्हीच करा. मी पिवळ्या किल्ल्या बघितल्या. शेवटच्या खिळ्यावर ही होती. सहा महिने टांगलेली, आणि एकदाही कुणी गेलेलं नाही. मला वाटलं, राहून गेलं बिचाऱ्या आजींचं.”

मधलीचं रडणं थांबलं. ती हळूहळू थोरल्याकडं वळली. “दादा, सहा महिने ह्या किल्लीला पिवळा दोरा आहे. हात लावायचा नाही. मग गिऱ्हाईक त्यानं कसं आणलं?”

थोरला घड्याळाची किल्ली पिळत बसला.

“ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, दादा. तुझ्या शब्दावर मी हो म्हटलं होतं!”

“विचारलं होतं मी त्याला,” थोरला शेवटी म्हणाला. “नाही म्हणाला. आई असेपर्यंत नाही. मग मी दुसऱ्या एजंटाकडे गेलो. तिची काळजी वाटते मला, खोटं नाही सांगत. जिन्यात पडली तर कळणारसुद्धा नाही कुणाला.”

“मग त्याचं नाव का पुढं केलंस?”

“आईचा राग त्याच्यावरच असतो ना. म्हटलं, आहे तिथंच राहू दे.”

थोरल्याचा कागद आईनं उचलला, टेबलावर पसरला, तळहातानं सपाट केला. मग शर्टाची घडी घालावी तशी घातली. आधी मधून, मग बाह्या आत, मग वरून खाली. चौकोनी, कडक घडी. ती थोरल्याच्या खिशात नीट बसवली आणि खिशावर दोनदा थापटलं.

“जिन्याची काळजी आहे ना? दर बुधवारी तुझी सुट्टी असते. येऊन जिना चढायचा. मोजून. तुला मोजता येतं.”

तेवढ्यात दारात धाकटा दिसला.

एका हातात कागदाची पुडी, दुसऱ्या हातात पाना. स्वच्छ शर्ट, पण कॉलर चुरगळलेली. त्याला आधी शिडी दिसली. मग पोस्टमनकाका दिसले, भिंत खरवडताना. मग सिस्टर, आणि मग आईच्या हातातली किल्ली.

“सिस्टर,” तो म्हणाला, “तुम्ही इथं कशा?”

“शेवटचा खिळा,” सिस्टर म्हणाल्या. “अरे, मला काय माहीत?”

“आई, ते मी…”

“तू थांब,” आई म्हणाली. “आधी मी विचारते. ‘कोणी नाही’ हे तुला कुणी सांगितलं? मी तर सांगितलं नाही.”

धाकट्यानं मागं वळून बेकरीकडं पाहिलं. बेकरीवाला घाईघाईनं आत गेला.

“त्याला विचारलं होतं. धंद्याची सवय आहे, आई. घराची खरी माहिती शेजारी मिळते, मालकाकडे नाही. मालक नेहमी म्हणतो, सगळं छान आहे. मी विचारलं, गेल्या महिन्यात माझ्या आईकडे कोण कोण आलं? तो म्हणाला, कोणी नाही. मी म्हटलं, आठवून सांग. तो म्हणाला, आठवायला काय, आहेच कोण?”

“आणि तू ते लिहून घेतलंस.”

“हो.”

“नळ गळतो तेही लिहिलंस. ओलही लिहिलीस. गुडघे लिहिलेस. म्हणजे त्या पाच मिनिटांत सगळं दिसलं होतं तुला.” तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. “मग हात का नाही लावलास? दुसऱ्यांच्या आयांच्या मोऱ्यांत गुडघ्यावर बसतोस. पेपरात फोटो येतात. माझी किल्ली तेवढी खिळ्याला?”

धाकट्यानं पाना टेबलावर ठेवला. थोरला काहीतरी बोलणार होता, मधलीनं त्याचा हात दाबला.

“त्यांच्याकडे बरं असतं, आई,” धाकटा म्हणाला. “आत गेलं की त्या म्हणतात, आलास बाळा, किती चांगला आहेस. कुणी विचारत नाही, इतके दिवस कुठं होतास. इथं आलो असतो तर तू विचारलं असतंस. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा गेले, मग आठवडा गेला, मग महिना. मग जितका उशीर, तितकी लाज. ही पुडी तिसरी आहे. वॉशर घेतो, गल्लीच्या तोंडापर्यंत येतो, आणि परत जातो. आजसुद्धा दहाला आलो होतो. अर्धा तास कोपऱ्यावर उभा होतो, इकडं पाठ करून.”

सिस्टरनी दोघी बायांना खुणेनं बाहेर नेलं. पोस्टमनकाकांचं खरवडणं थांबलं. पोरं आपल्याला वचकून राहतात, एवढं आईनं गृहीत धरलं होतं. तिच्या एका प्रश्नाला भिऊन पोटचा मुलगा दुसऱ्यांच्या दारात जाऊन चांगला माणूस झाला, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. चाळीस वर्षं परक्यांना जो प्रश्न तिनं कधी विचारला नाही, तो आपल्या पोराला तो दारात यायच्या आधीच इतका स्पष्ट ऐकू येत होता.

तिनं किल्लीचा दोरा सोडायला घेतला. गाठ घट्ट होती. नखं आता पूर्वीसारखी नव्हती, वेळ लागला. कुणी मदतीला पुढं आलं नाही, कारण कागदावर लिहिलंच होतं, विचारू नये. दोरा सुटला. किल्ली तिनं आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली, धाकट्याजवळ गेली, आणि त्याच्या शर्टाच्या वरच्या काजात तो पिवळा दोरा ओवून दोन फेरे दिले. आडवी गाठ मारली. चुरगळलेली कॉलर अंगठ्यानं दाबून सरळ केली.

“आता ऐक, आणि तुम्ही दोघंही ऐका,” ती म्हणाली. “घर विकायचं नाही एवढं तुला कळलं, ते चांगलं झालं. पण दोरा चुकीच्या जागी बांधलास. मी कुठं गेले होते? मी ह्याच टेबलापाशी आहे. राहून गेलेलं गाठोडं तू आहेस. दुसऱ्यांकडे जायचं ते जा, बंद करू नकोस, त्यांचे नळही गळतातच. पण चाळीस वर्षांत मी एक पिवळं गाठोडं विकलं नाही, तसं एकही उचलून कुणाच्या घरी नेऊन दिलं नाही. ज्याचं त्यानं यायचं. आणि आल्यावर, इतके दिवस कुठं होतात, असं मी एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही. तुलाही विचारणार नाही. कधीच नाही. पण ती किल्ली तुला परत मिळायची नाही. दर रविवारी यायचं, बेल वाजवायची, आणि माझे गुडघे दारापर्यंत येईतोवर बाहेर उभं राहायचं. हीच तुझी शिक्षा. जा आता, नळ ठिबकतोय.”